पासबुक उघडं, नाव झाकलेलं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बिटकॉइन म्हणजे गुप्त पैसा, असं सर्रास बोललं जातं. ३६ वर्षं बँकेत खतावण्या जुळवल्यामुळे मला हा शब्द खटकतो.

मध्यंतरी भाच्याने माझे उसने पैसे हौसेने बिटकॉइनमध्ये फेडले. जमा झाले का ते बघा, म्हणून त्याने एक लिंक पाठवली. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता होता, ‘बीसी१’ने सुरू होणारी लांबलचक अक्षरं. सहज त्यावर टिचकी मारली आणि त्याचं पासबुकच समोर उघडलं. कधी किती आले, किती गेले, शिल्लक किती, सगळं. ना पासवर्ड, ना सही. दुसऱ्याचं कपाट उघडल्यासारखा मीच ओशाळलो. तो म्हणाला, “मामा, पण नाव कुठंय तिथे?”

नाव नाही, खरंच. पण पत्ता कुणाचा हे मला आता कळलंय आणि बिटकॉइनच्या सर्वांना दिसणाऱ्या वहीतली ती नोंद खोडता येत नाही. आमच्या बँकेत नेमकं उलटं. खातेदार बँकेला ठाऊक, पण त्याचं पान परक्याला दिसायचं नाही.

दर व्यवहाराला नवा पत्ता घ्या, हा सल्ला बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो याने २००८च्या मूळ निबंधातच दिला होता. दोन पत्त्यांवरची रक्कम एकत्र करून दिली, तर दोन्हींचा धनी एकच हे उघड होतं, हेही त्यानेच कबूल केलं होतं. भाच्याने तर दोन वर्षं एकच पत्ता वापरला!

या उघड्या वहीचा फायदाही आहे. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजमधून सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले. त्यांतले ९४ हजारांहून अधिक अमेरिकी यंत्रणांनी २०२२ मध्ये जप्त केले. माग काढायला हीच वही कामी आली.

पण म्हणून पडदा मागणारा प्रत्येक जण चोर ठरत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. माझ्यातल्या हिशेबनिसाला पटली ती झेडकॅश या दुसऱ्या डिजिटल चलनाची रीत: रक्कम आणि दोन्ही पक्ष झाकूनही व्यवहार चोख असल्याचं गणिताने सिद्ध होतं, आणि ऑडिटरला हवी तर फक्त पाहण्यापुरती किल्ली देता येते. (मोनेरो या आणखी एका चलनात पडदा सक्तीचा, झेडकॅशमध्ये ऐच्छिक.)

भाचा आता दर वेळी नवा पत्ता घेतो. जुन्या पत्त्यावरची दोन वर्षं मात्र तिथेच आहेत. मी पुन्हा पाहिली नाहीत, पण पाहता येतात.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी