वजन परत चढतंय म्हणतोस, म्हणून

सांगली,
नोव्हेंबर 2025

प्रिय दिलू,

वहिनींचा फोन आला होता. त्यांच्यावर रागावू नकोस. वजन उतरवण्याच्या ऑपरेशननंतर 85 किलोवर आलेला तू आता 96 वर आहेस आणि डॉक्टरांकडे फिरकायचंच सोडून दिलं आहेस, एवढंच त्या बोलल्या. ‘आता त्यांना कुठल्या तोंडाने भेटू’ असं तू म्हणालास, ते ऐकल्यापासून मला चैन नाही. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसलो.

आधी त्या लाजेचं बोलू. माझंही वजनाचंच ऑपरेशन, जठराचं बायपास, 2013 सालचं. 138 वरून 90 वर आलो होतो आणि आज 97 आहे. ऑपरेशन झालेल्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारा एक मोठा अभ्यास स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झाला. 2007 साली त्याचे आकडे छापून आले. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं होतं, आणि दहा वर्षांनी बघितलं तर घट 25 टक्क्यांवर आली होती. म्हणजे थोडं परत चढणं तिथल्या सरासरी माणसाच्याही वाट्याला आलं. ज्यांनी ऑपरेशन केलं नाही त्यांचं वजन एक-दोन टक्के इकडेतिकडे, होतं तिथेच राहिलं. तू 124 वरून निघाला होतास. आजही 28 किलोंनी खाली आहेस, बाबा. यात तोंड लपवण्यासारखं काय आहे?

आणि हे का होतं तेही ऐक. तुझं ऑपरेशन स्लीव्हचं, त्यात जठराचा पाऊण भाग काढून नळीएवढंच ठेवलं. भूक चाळवणारं घ्रेलिन जिथे मुख्यतः तयार होतं तो वरचा फुगीर भागही त्यातच गेला. म्हणून पहिल्या वर्षी तुला जेवणाची आठवण करून द्यावी लागायची. पुढे उरलेली नळी थोडी सैलावते, भूक हळूहळू परत येते. शिवाय उतरलेलं शरीर आधीपेक्षा कमी जाळतं आणि गेलेलं वजन परत मिळवायला बघतं. तुझी जिद्द कमी पडली असं वहिनींना वाटत नाही, मला तर मुळीच वाटत नाही.

आता खाण्याचं. तुझं दुपारचं जेवण अजून नीट आहे असं वहिनी सांगतात, आणि ते खरं असणार. आपल्यासारख्यांचं वजन बहुतेक वेळा चारच्या चहाबरोबर चढतं. वाटीभर घट्ट उसळ आणि चतकोर भाकरी खाल्ली की पुढचे दोन-तीन तास तुला काही नको असतं. तेच भडंगाची पिशवी घेऊन टीव्हीपुढे बस. दाताखाली आलं की विरतं, चहाच्या घोटाबरोबर खाली सरकतं, पोटात थांबतच नाही. पिशवी तळाला गेली तरी भरल्याची खूण येत नाही. खारी, टोस्ट, शेव, बिस्किटं, आइस्क्रीम, उसाचा रस, सगळी एकाच जातीची. सांगलीत राहून भडंग सोड असं मी कुणाला सांगणार नाही. मी ते लहान वाटीत काढून घेतो, त्यात वाफवलेली मोडाची मटकी आणि कांदा घालतो, आणि तेच चारचं खाणं धरतो. चहा अर्ध्या तासाने. जेवतानाही पाणी नाही, तेही अर्ध्या तासानेच. कंटाळवाणं आहे, पण हा एक नियम पाळला की बाकीचे पाळणं सोपं जातं.

माझं ताट अजूनही छोट्या डिशमध्येच असतं. आधी दोन अंड्यांची भुर्जी, बांगडा किंवा घट्ट उसळ. मग भाजी-कोशिंबीर. जागा उरली तर शेवटी भाकरी, भात क्वचित. घास लहान आणि पार लगदा होईपर्यंत चावलेला. मध्येच नाक गळायला लागतं किंवा उचकी येते. ती माझी खूण. त्यानंतरचा एक घास जरी घेतला तरी छातीत अडकून बसतो, म्हणून तिथे हात धुतो. ताटात टाकायचं नाही हे आपल्या आयांनी अंगात भिनवलंय, तर वाढून घेतानाच कमी घ्यावं. आपल्याला दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं सांगतात. एका अंड्यात 6, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, 50 ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत 25. पातळ वरणावर भिस्त ठेवू नकोस, त्याने पोट भरतं आणि हाती फार थोडं लागतं.

माझ्यात आणि तुझ्यात एक फरक आहे. बायपासमध्ये अन्न जठराचं खालचं दार चुकवून थेट पुढच्या आतड्यात उतरतं. वाटीभर आमरस घेतला की वीस मिनिटांत माझी छाती धडधडते, दरदरून घाम येतो, आडवं व्हावंच लागतं. कधी दोन तासांनी साखर खाली येऊन हात थरथरतात. म्हणजे गोडाच्या बाबतीत माझ्या दारात पहारेकरी बसलाय. तुझं दार शाबूत असल्यामुळे तुला गोड बहुतेक बिनबोभाट पचतं. तेवढं तुझं काम माझ्यापेक्षा अवघड आहे, हे मी मनापासून मानतो. रात्री आंबट पाणी वर येतं असं मागे म्हणाला होतास. ते अंगावर काढू नकोस. स्लीव्हनंतर पुष्कळांना ते होतं, आणि वर्षानुवर्षं चाललं तर अन्ननलिकेला इजा होते. दुर्बिणीने तपासायचं का, ते डॉक्टरांना विचार.

वजनापेक्षा मला तुझ्या रक्ताची जास्त काळजी वाटते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी12, फोलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) वर्षातून एकदा बघायलाच हवं, कायम. बी12 फार काळ कमी राहिलं तर हातापायांना मुंग्या येतात आणि नसांची इजा पुरती भरून येईलच असं नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नकोस, दोन तासांचं अंतर ठेव, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक आणतोस, तेही थांबव. मला तर ते सक्त मना आहे, बायपासमध्ये जठर आतड्याला जोडलेलं असतं त्या जोडावर अल्सर होतो. तुला चालेल का ते विचारून घे.

शनिवारच्या बसण्याबद्दल एकदाच लिहितो, मग कधी काढणार नाही. आपल्या पोटातून दारू लवकर रक्तात जाते आणि जास्त चढते. ऑपरेशननंतर खाण्याची जागा पिण्याने घेतल्याची उदाहरणं डॉक्टरांकडे भरपूर आहेत. तू त्यात नाहीस. नसावंस म्हणूनच लिहिलं.

यंदा मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आपल्याकडे आली, आठवड्याला एक टोचायची. ऑपरेशननंतर वजन परत आलेल्यांनाही डॉक्टर ती देतात. महाग आहेत, मळमळ होते, बंद केली की वजन बहुधा परत येतं, आणि भूक मेली की प्रथिनंही कमी पडतात. तरी काहींना खरंच उपयोग होतो. तुला लागेल की नाही हे तुझे रिपोर्ट बघून ठरेल. ऑफिसातल्या कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नकोस.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्यात आहे. डॉक्टरांची वेळ तेव्हाची घे, मी बरोबर येतो, आत बसू दिलं तर आतही. रक्त दोन-तीन दिवस आधी देऊन ठेव म्हणजे रिपोर्ट हातात असतील, आणि जुनी फाइल शोधून ठेव. दुपारी जेवायला तुमच्याकडेच येईन. बांगडा मिळाला तर वहिनींना तव्यावर टाकायला सांग, तेल बेताचं. वेळ ठरली की मला लगेच कळव.

तुझा,
अन्या