वॅट मोजायला शिकवणाऱ्या सरांना

सोलापूर

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

नवी पेठेतल्या दुरुस्तीच्या टेबलांवर आता कोणी ‘पातळ लॅपटॉप घ्यायचाय, आय-५ घेऊ की आय-७?’ असं विचारलं की उलट प्रश्न जातो: ‘किती वॅटचा? आणि ती उष्णता बाहेर कुठून पडणार?’ ही सवय तुमची. तुम्ही शिकवताना कुणाकडून पैसे घेतले नाहीत, म्हणून आभारही जाहीर मानतोय. ज्याला उपयोग होईल त्याने वाचावं.

प्रोसेसरच्या माहितीपत्रकातल्या १५ वॅटचा अर्थ तुम्ही सोडवून सांगितलात, तो इथल्या निम्म्या तक्रारींचं उत्तर आहे. तो आकडा म्हणजे प्रोसेसर सतत खातो तेवढी वीज नव्हे. जोर लावून काम चालू राहिलं तर शेवटी ज्या पातळीवर यंत्राने टिकायचं, ती पातळी. इंटेलचा आय-५ १२३५यू घ्या: नावाला १५ वॅट, टर्बोत, म्हणजे थोडा वेळ जोरात पळताना, कमाल ५५. आणि टॅलीमध्ये नोंदी करणारा माणूस विचार करत थांबतो तेव्हा तोच प्रोसेसर एक-दोन वॅटवर येऊन बसतो. त्या वेळी बॅटरी खातात ते पडदा, वाय-फाय, रॅम आणि एसएसडी. म्हणून हिशेबाच्या कामाला ‘कमी वॅटचा प्रोसेसर’ शोधत बसण्यापेक्षा यंत्र रिकामं असताना किती ओढतं ते बघायचं. ४२ वॅट-अवरची बॅटरी ६ वॅटला सात तास जाते, ९ वॅटला साडेचारच्या जरा पुढे. हा फरक स्टिकरवर कुठेच छापलेला नसतो.

तो बघायची तुमची रीत अजून तशीच चालते. बॅटरी आधी पूर्ण भरायची, नाहीतर चार्जिंगची वीजही मोजली जाते. पडद्याचा उजेड निम्म्यावर, वाय-फाय चालू, बाकी सगळं बंद, आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. विंडोज मागे अपडेट आणि इंडेक्सिंग उरकत असतं. मग प्लगमधल्या वॅटमीटरचा आकडा वाचून त्यातून अॅडॅप्टरचा तोटा, दहा-पंधरा टक्के, वजा करायचा. पाच वॅटच्या खाली स्वस्त मीटर गंडतं. तिथे चार्जर काढून एचडब्ल्यूइन्फो या यंत्राचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बॅटरीचा डिस्चार्ज दर वाचलेला बरा.

वेग आणि विजेचं गणित तुम्ही बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर मांडलंत, ते इतकं छोटं आहे की पाठ झालं. वीज ही व्होल्टेजच्या वर्गाशी आणि फ्रिक्वेन्सीशी प्रमाणात. वेग २० टक्क्यांनी उतरवला आणि त्याबरोबर व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरलं, तर ०.८१ गुणिले ०.८, म्हणजे ०.६५. पाचातला एक हिस्सा वेग सोडून तिसऱ्या हिश्शाहून जास्त वीज वाचली. हलक्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये थोडे वेगवान कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) घालण्याऐवजी जास्त कोअर सावकाश का चालवतात, ते यातून कळतं. आणि शेवटच्या थोड्या वेगासाठी टर्बो इतका तापतो का, तेही.

शोरूममध्ये झकास वाटलेलं यंत्र घरी आणल्यावर ‘ढिलं’ का वाटतं, हे समजावणं सगळ्यात अवघड होतं. इंटेलच्या प्रोसेसरला विजेच्या दोन मर्यादा असतात: थोड्या वेळाची मोठी आणि कायमची लहान. थोडा वेळ म्हणजे बऱ्याच यंत्रांत २८ सेकंदांच्या आसपास. शोरूममध्ये माणूस तेवढंच चालवून बघतो! म्हणून सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी एकदा नव्हे, दहा मिनिटं सलग चालवायची आणि पहिला गुण शेवटच्या गुणाशी ताडायचा. १५ वॅटच्या पातळ चौकटीत आय-५ आणि आय-७ दहाव्या मिनिटाला बहुतेकदा जवळजवळ एकाच जागी येऊन थांबतात, आणि वरचे हजारो रुपये पहिल्या अर्ध्या मिनिटासाठी दिलेले असतात.

त्याच वेळी एचडब्ल्यूइन्फोचे तीन रकाने सोबत वाचायचे: पॅकेज पॉवर (प्रोसेसर घेतो ते वॅट), क्लॉक (त्याचा वेग), तापमान. तापमान ७५ असताना वॅट १५ वर येऊन थांबले, तर ती कंपनीनेच घातलेली मर्यादा. तिथे साफसफाई करून गिऱ्हाइकाकडून पैसे घेणं म्हणजे फसवणूक, हे तुमचे शब्द. तापमान ९५ ते १०० ला टेकलं आणि वॅट १५ च्याही खाली घसरले, तर उष्णता अडकली आहे, यंत्र उघडायचं. आणि यंत्र थंड असूनही क्लॉक ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्‌झवर खिळला असेल, तर आधी अॅडॅप्टर बघायचा. काही लॅपटॉपच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन अॅडॅप्टर किती वॅटचा आहे ते सांगते. ती वाकली किंवा चार्जर भलताच असला की यंत्र भीतीने वेग दाबून ठेवतं. अशी यंत्रं ‘विंडोज मारून द्या’, म्हणजे नव्याने घालून द्या, म्हणून येतात. विंडोज मारून काही होत नाही.

उघडण्याबद्दल सोलापूरचं म्हणून जे तुम्ही सांगितलंत ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये मिळणार नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागात मागावर टॉवेल-चादरी विणल्या जातात, तिथल्या हवेत सुताची कुस असते. ती फॅनमधून जाते आणि फॅन व उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या बारीक पट्ट्यांच्या फटीत नमद्यासारखी (दाबलेल्या लोकरीच्या थरासारखी) थापून बसते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. बाहेरून ब्लोअर मारला तर नमदा जरा मागे सरकतो आणि आठवड्यात पुन्हा जागेवर येतो. तळ उघडायचा, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, फॅन सोडवायचा आणि नमदा चिमट्याने अख्खा उचलायचा. हवा मारताना फॅनचं पातं बोटाने धरायचं, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. स्क्रू लांबीप्रमाणे कागदावर यंत्राचं चित्र काढून त्यावर मांडायचे. लांब स्क्रू आखूड जागी गेला की कीबोर्डला कोंब फुटतो.

प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे ती ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे, नेणाऱ्या पेस्टच्या बाबतीत हलक्या लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपसारखा नाही. वर धातूचं झाकण नसतं, उघडी सिलिकॉनची चिप असते, म्हणून मधोमध थेंब न टाकता सगळ्या पृष्ठावर पातळ थर ओढायचा. कोपरा कोरडा राहिला तर तोच तापतो. हीटसिंकचे स्क्रू कोरलेल्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे आळीपाळीने. थर्मल पॅडच्या (उष्णता नेणाऱ्या मऊ पट्टीच्या) जागी पेस्ट फासायची नाही आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पॅडच्या जागी एक मिलिमीटरचा घालायचा नाही. जाड पॅडवर हीटसिंक तरंगतो आणि प्रोसेसरला टेकतच नाही. नवी पेस्ट लावूनही १०० डिग्री दाखवणाऱ्या यंत्रांत हाच घोळ पुन्हा पुन्हा निघतो.

तुमचं जानेवारी-मेचं गणितही इथे मांडून ठेवतो. कुस अडकलेल्या यंत्रात १५ वॅटला प्रोसेसर खोलीपेक्षा ६० डिग्रीने वर जातो असं धरा. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, खोली २५, प्रोसेसर ८५, कोणाची तक्रार नाही. मेमध्ये खोली ४२, बेरीज १०२, आणि मर्यादा १०० ला. यंत्र तेच, बिघाड नवा नाही, फक्त उन्हाळा आला. म्हणून साफसफाई मार्चमध्ये. आणि ज्या गावाची चादर जगभर जाते तिथेच सांगावं लागतं की लॅपटॉप चादरीवर ठेवू नका. हवा घ्यायची जाळी खालच्या बाजूला असते. खाली पाट द्या.

बिनफॅनच्या यंत्रांबद्दल मात्र तुमच्याशी थोडं भांडण आहे. तुम्ही ती खेळणी म्हणायचात. २०१५ च्या साडेचार वॅटच्या कोअर एम यंत्रांबद्दल ते पटतं. पण २०२० चा एम१ मॅकबुक एअर बिनफॅनचाच होता, आणि २०२३ चा इंटेल एन१०० सहा वॅटमध्ये चार लहान कोअर देतो. मागाजवळच्या बिलिंगला, जिथे कुस आहे तिथे, फॅनच नसणं हा गुण आहे. उन्हाळ्यात असं यंत्र सावकाश होईल, बंद पडणार नाही. फक्त एन१०० ला मेमरीचा एकच चॅनल आहे आणि पातळ यंत्रांत रॅम बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मागून वाढवता येत नाही, तेव्हा ८ जीबीच्या खाली घेऊ नये. एन४०२० हा इंटेलचा जुना प्रोसेसर आणि ४ जीबी असलेली यंत्रं स्वस्तातही नकोत.

प्रोसेसरच्या नावातली अक्षरं-आकडे वाचायचं तुम्ही बसवलेलं कोष्टक अजून भिंतीवर आहे, थोडी भर घातली आहे. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पिढी सांगतो: ७५२०यू म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या कोअरच्या पिढ्यांचं नाव), ७५३०यू म्हणजे झेन ३, ७८४०यू म्हणजे झेन ४. डब्यावर तिन्ही सारखेच नवे दिसतात.

तुमचा अंडरव्होल्टचा, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं उतरवून वीज वाचवायचा, उपाय मात्र बहुतेक नव्या इंटेल यंत्रांवर चालत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट जाहीर झाली आणि त्यानंतर बायोस अपडेटने ती वाट बंद होत गेली. भारनियमनात बॅटरी लांबवायला आता विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये कमाल प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करून टर्बो बंद करतो, तेही फक्त बॅटरीवर असताना. १२३५यू सारख्याचा मूळ वेग १.३ गिगाहर्ट्‌झ, त्यामुळे चार्जरवरही ते तसंच राहिलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात.

वॅटमीटर टेबलावरच आहे. त्याचं सॉकेट सैल झालंय, ठिणगी पडते, तेव्हा ते बदलतो आणि आकडे तुमच्या जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बवर पुन्हा ताडून घेतो. बल्ब तेवढा एकदा पाठवा.

आपले,
नवी पेठेतल्या दुरुस्तीच्या टेबलांवरचे आम्ही सगळे