विसरायचं औषध

केछ्याओ, शाओशिंग, चीन
रविवार, 7 डिसेंबर 2025

ती. आईस,
सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस, काही झालेलं नाही. आमच्या ऑफिसातले एक काका मंगळवारी निघालेत, ते जयसिंगपूरचे. त्यांच्याबरोबर हे पत्र आणि बाबांचा स्वेटर पाठवतेय. फोनवर बोलता येत नाही असं नाही. पण तुझा फोन स्पीकरवर असतो, बाबा शेजारी बसलेले, दादा मध्येच टीव्हीचा आवाज वाढवतो, आणि तुला जे खरं विचारायचं असतं ते तू अगदी शेवटी हळू आवाजात विचारतेस. मी 'हं' म्हणते आणि रेंज जाते.

आधी तब्येत. बरी आहे. व्हिडिओत गाल बसलेले दिसतात ते खिडकीच्या उजेडामुळे. साप कुणी खात नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. रात्री साडेदहाला एकटी चालत खोलीवर येते, कुणी ढुंकून बघत नाही. आपल्या गल्लीत साडेआठला मला आणायला दादा कोपऱ्यावर उभा असायचा, ते आठव आणि मग काळजी कर.

दुसरं, तुला राग आला ते कळलं. मागच्या रविवारी मी घरमालकिणीला 'आयी' म्हणून हाक मारली, ती तू ऐकलीस आणि गप्प झालीस. अगं, त्यांच्या भाषेत आयी म्हणजे मावशी. भाजीवाली आयी, जिना झाडणारी आयी, वयाने मोठी दिसेल ती प्रत्येक बाई आयी. आईला ते मा म्हणतात. शब्दच तसा निघाला, त्याला मी काय करू? आणि त्यांच्या बोलण्यात क्रियापदाला बाई-पुरुष नसतं, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडच्या बायकांनी 'मी येतो' म्हणावं तसंच सगळं. मला सोपं गेलं.

आता मालिकेचं. तू दादाला म्हणालीस, ही तिकडे चिनी मालिका बघत बसते म्हणून फोन उचलत नाही. मी रोज बघत नाही. आठवड्यातून तीनदा, आयींच्या खोलीत, आणि तेही भाषा सुधारावी म्हणून. गेल्या महिन्यात कारखान्यातल्या माणसाशी कापडावरच्या डागांवरून भांडले ते दुभाष्याशिवाय. फक्त दोन शब्द देवलोकातले वापरले गेले, त्यामुळे तो हसला आणि तीन गाठी परत घेतल्या.

मालिका जुनीच, 2017 ची, 58 भागांची. नावाचा अर्थ तीन जन्म, तीन जगं आणि दहा ली पीचची फुलं. ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर, तेव्हा पाच किलोमीटर नुसता बहर. नायिका बाई छ्येन. हसू नकोस, बाई हे तिचं आडनाव. ती नऊ शेपट्यांची पांढरी कोल्हीण, म्हणजे देवकुळातली राजकन्या. वय एक लाख चाळीस हजार वर्षं, आणि लग्न ठरलेलं ज्या मुलाशी, तो पन्नास हजारांचा. इथे जरा थांब आणि माझं एकोणतीस आठव.

तिचा गुरू लढाईत मारला जातो. त्याचा देह टिकावा म्हणून ही सत्तर हजार वर्षं त्याला आपल्या काळजाचं रक्त पाजते. मग आणखी एका लढाईत शक्ती आणि स्मरण दोन्ही गमावून साधी माणूस होऊन डोंगरावर येऊन पडते. तिथे युवराज ये ह्वा भेटतो. हाच तो ठरलेला नवरा, पण दोघांनाही पत्ता नाही. झोपडीत लग्न लागतं. तो तिला स्वर्गात नेतो आणि तिथे सुरू होतो सासुरवास. दुसरा शब्द नाही त्याला. एका कपटी बाईच्या कारस्थानाने तिचे डोळे जातात, आणि ते काढावे लागतात नवऱ्यालाच. मूल होतं. मग ती एका उंच कट्ट्यावरून उडी टाकते. मरत नाही, कारण मुळात देवीच. सगळं लख्ख आठवतं. मग ती ओळखीच्या एका वैद्य-देवाकडे जाते, विसरायचं औषध मागते आणि पिते. तीनशे वर्षांनी नवरा समोर येतो, मुलगा 'आई' म्हणून कमरेला मिठी मारतो, आणि ही विचारते, तुम्ही कोण?

आजी असती तर म्हणाली असती, अगं ही तर शकुंतला. मलाही आधी तसंच वाटलं. पण तिथे विसरतो दुष्यंत, आणि तोही दुर्वासांच्या शापाने. अंगठी सापडली की सगळं परत, दोष कुणालाच नाही. इथे बाईने स्वतः मागून घेतलंय. तिला कुणी शाप दिला नाही, कुणी 'विसर आता' म्हणून पाठीस लागलं नाही.

तिचा गुरू उठावा म्हणून ये ह्वा समुद्रातल्या यिंगचौ बेटावर जातो. चार भयंकर जनावरं तिथल्या औषधी वनस्पतीवर पहारा देतात. ती मारून तो मुळी आणतो, त्यात एक हात गमावतो, वर स्वतःचं तप त्या औषधात घालतो. आपल्या मारुतीने अख्खा डोंगर उचलला, पण त्याला रामाचा आशीर्वाद तरी होता. हा जातो ते जिला आपण आठवतही नाही तिच्यासाठी, आणि जागा करतो तो तिचा गुरू, ज्याच्यावर तिचा जीव आहे अशी त्याला शंका. या भागाला आयी दर वेळी रडतात. दर वेळी म्हणजे, त्या ही मालिका चौथ्यांदा बघतायत.

इथली एक गोष्ट सांगते, तुला पटणार नाही. हे लोक मालिका बघताना पडद्यावर लिहितात. म्हणजे फोनवर किंवा टीव्हीवर चित्र चालू असतं आणि त्याच्यावरून उजवीकडून डावीकडे लोकांनी लिहिलेली वाक्यं पळत जातात. एक नाही, दहा-पंधरा ओळी एकदम. नायक-नायिकेची तोंडंसुद्धा दिसत नाहीत. याला 'तानमू' म्हणतात, म्हणजे गोळ्यांचा पडदा. मला वाटलं टीव्ही बिघडला. मी उठून वायर हलवली, आयींची सून पोट धरून हसली. मला आधी वाटायचं, हे सगळे लोक आत्ता, या क्षणी आपापल्या घरी बसून लिहितायत. तसं नाही. ज्या क्षणाला कुणी लिहिलं त्या क्षणाला ते वाक्य कायमचं चिकटतं. म्हणजे ती उडी टाकते तिथे कुणी 2017 मध्ये लिहिलेलं आणि कुणी काल रात्री लिहिलेलं शेजारी-शेजारी पळतं. पुढे रडायचा प्रसंग आहे, रुमाल काढा, असंही आधीच सांगून ठेवतात. आपल्याकडे जत्रेतल्या तंबूत मागून कुणीतरी ओरडायचं ना, 'अरं पळ, मागं हाय तो!' तसं, पण मुक्यानं आणि आठ वर्षं साठवलेलं. बंद करता येतं, एक बटण आहे. आयींना बारीक अक्षर वाचता येत नाही, तरी त्या बंद करू देत नाहीत. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली त्यांना, म्हणतात, असू दे, घरात माणसं आहेत असं वाटतं. मीही आता खोलीवर एकटी बघताना चालूच ठेवते. सवयीने, बाकी काही नाही.

आणि बाबांना सांग, देवलोकात सगळे पॉलिस्टर नेसतात. इतक्या जवळून कॅमेरा नेतात की मला गोष्टीऐवजी विणच दिसते. ती उडी टाकते तेव्हा बाह्या हवेत तरंगतात ना, ते शिफॉन. खरं रेशीम नाही ते. तसलं कापड आमच्या इथल्या कापडबाजारात तागेच्या तागे पडलेलं असतं. मी आयींना सांगितलं तर त्यांनी मला गप्प केलं.

तर तुझा प्रश्न. मी आयींना विचारलं, तुम्ही प्याल का असलं औषध? त्या म्हणाल्या, त्यात विचारायचं काय, मेल्यावर सगळ्यांनाच प्यावं लागतं. पुलापाशी मंग पो नावाची म्हातारी सूप घेऊन बसलेली असते, ते प्यायल्याशिवाय पुढचा जन्म नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, मी आधी विचारेन मीठ किती घातलंय.

तू विचारलंस, विसरलीस ना त्याला? मी फोनवर हो म्हणाले. तेच धर.

परवा शाओशिंगच्या शन बागेत जाऊन आले, आयीच घेऊन गेल्या. तिथल्या भिंतीवर लू यौ नावाच्या जुन्या कवीची कविता कोरलीय, आणि शेजारी त्याच्या पहिल्या बायकोची. त्याच्या आईला सून पसंत नव्हती, म्हणून त्याने तिला सोडलं. वर्षांनी दोघं याच बागेत भेटली, तोवर दोघांची लग्नं झालेली. म्हातारपणापर्यंत तो तिच्यावर लिहीत राहिला. पुढचं सांगत नाही, तुला वाटेल मी टोमणा मारतेय. फक्त बाग छान आहे हे कळवायचं होतं. तळ्यात मासे आहेत.

पैशांचं. चाळीस हजार पाठवलेत, पतसंस्थेचा हप्ता त्यातून जाईल आणि बाबांच्या डोळ्यांची तपासणी. ती पुढे ढकलू नका. माग टेम्पोत चढवतानाचा फोटो दादाने पाठवला होता. आठातले सहा गेले, तेही भंगाराच्या भावाने. बाबा फोटोत पाठमोरे आहेत. 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल. त्यांनी विचारलं होतं, तू तिथे तपासतेस ते कापड इकडे येतं का? मी म्हणाले होते, बहुतेक आफ्रिकेला जातं. बहुतेक आफ्रिकेलाच जातं. आणि माग नुसत्या चीनच्या मालाने बंद पडले नाहीत, विजेचे दर आणि सुताचा भाव त्यांनाही ठाऊक आहे. उरलेले दोन विकू नका म्हणावं. उगाच.

येण्याचं विचारलंस. ऑक्टोबरात थेट विमानं पुन्हा सुरू झाली, ते तू बातम्यांत ऐकलंस हे मला दादाने सांगितलं. 2020 पासून मी तेच कारण देत होते, हे मलाही माहीत आहे. 17 फेब्रुवारीला इथलं नवं वर्ष, तेव्हा बाजार बंद असतो. तिकिटं बघते. नक्की म्हणत नाही, कारण मग तू चकल्या करून ठेवशील आणि मी आले नाही की त्या दादा खाईल.

सांगलीच्या मुलाचा फोटो बघितला. चष्मा बरा आहे. पाठीमागची गाडी त्याचीच आहे का शेजाऱ्याची, हे मामांना विचार. पत्रिका जुळते म्हणालीस, ठीक आहे. मी नाही म्हणत नाहीये. फेब्रुवारीत आले तर बघू, पण 'आले तर' हे शब्द त्यांना सांगताना गाळू नकोस.

काका पंधरा तारखेला परत निघतात. त्यांच्याकडे कांदा-लसूण मसाला दे, अर्धा किलो पुरे, दोन पिशव्यांत बांध. गेल्या वेळी माझे सगळे कपडे महिनाभर जेवणासारखे वासत होते, आणि मी काही बोलले नाही.

बाबांना नमस्कार, दादा-वहिनींना आठवण.

तुझी,
माई

ता. क. माझी खोली भाड्याने द्यायची म्हणून तू माळा रिकामा करतेयस, वहिनी म्हणाली. चांगलं आहे, पैसे येतील. पुस्तकं रद्दीत दे, कॉलेजचे कपडे भांडीवालीला दे. फक्त पत्र्याच्या ट्रंकेत खाली एक निळी पिशवी आहे, ती देऊ नकोस. उघडूही नकोस.