हे वर्षही राहू द्या

महोदय,

वर्षाच्या शेवटच्या रविवारची आपली संकल्पांची पुरवणी वाचली. वजन, एसआयपी, रोज दहा हजार पावलं, वर्षात बारा पुस्तकं. वाईट त्यात काही नाही, मीही सकाळी चालायला जातेच. फक्त एका चौकटीत 1 जानेवारीला ‘ख्रिस्ती नववर्ष’ म्हटलंय, तेवढं आधी निस्तरते. चर्चचं वर्ष आगमनकाळापासून, म्हणजे नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारपासून धरतात. 1 जानेवारी हा बाळ येशूचं नाव ठेवल्याचा, जन्मानंतरचा आठवा दिवस. बाकी कॅलेंडर बदलतं ते सगळ्यांचंच.

तरी 31 च्या रात्री आम्ही चर्चमध्ये असतो, हे खरं. बाराला पाच कमी असताना सगळे गुडघे टेकतात, घंटा होते, मग हस्तांदोलन, चहा-केक आणि दाराशी बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट. प्रत्येकानं एक उचलायची. पूर्वी ती चिठ्ठी वर्षभर बायबलमध्ये राहायची, आता आधी स्टेटसवर जाते. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, 29 व्या अध्यायातलं अकरावं वचन ज्याला निघतं त्याचं तर लोक अभिनंदन करतात. तुमच्याविषयी देवाच्या मनात जे आहे ते हिताचंच आहे, असा त्याचा अर्थ. मग कुणाला त्यात कॅनडाचा व्हिसा दिसतो, कुणाला फ्लॅटचा ताबा. आमच्या भागात यंदा एके ठिकाणी ‘हे वर्ष दुपटीचं’ असा फ्लेक्सच लागलाय.

ते वचन यिर्मयानं पत्रातून ज्यांना लिहिलं, ते यरुशलेमहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेले यहुदी लोक होते. त्याच पत्रात एक ओळ वर सत्तर वर्षं असा स्वच्छ आकडा आहे. पत्र वाचणाऱ्या जाणत्या माणसांपैकी मायदेशी परतायला उरणार किती? आणि तोवर करायचं काय, तर घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच शहराचं भलं मागा. चिठ्ठीवर एवढं मावत नाही.

मला विचाराल तर त्या ताटात लूकच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायातल्या, येशूनं सांगितलेल्या अंजिराच्या दाखल्याची एक तरी चिठ्ठी असावी. मालक तीन वर्षं फळ बघायला येतोय, झाडाला काही नाही. तो म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवायची? माळी म्हणतो, धनी, हे वर्षही राहू द्या; मी भोवतीनं खणतो, खत घालतो, मग बघा.

माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं. वडील दुसऱ्याच्या अंजिराच्या बागेत कामाला जायचे, त्यामुळे हा दाखला मला प्रवचनाआधी घरातच कळला. बहार धरायचा म्हणजे पाणी तोडून झाड ताणावर सोडायचं, छाटणी करायची, आळी खणून शेणखत द्यायचं. खणताना कुदळ हलकी धरायची, नाहीतर बारीक पांढऱ्या मुळ्या तुटतात. चीक लागून बोटांची सालं निघायची ती वेगळीच. फळ किती येणार, हे वडील कधी सांगत नसत. त्या गोष्टीतला माळीही सांगत नाही, तो फक्त आपलं काम सांगतो. आणि लूकनं पुढे काय झालं ते लिहिलेलंच नाही. झाडाला वर्ष मिळालं तेही दुसऱ्यानं मागितलं म्हणून. आमच्या लोकांनी डायरीच्या पहिल्या पानावर ‘अचिव्हमेंट’ लिहिण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं. मुलाला नव्वद टक्के हवेत हे झालं फळाचं बोलणं. तो अभ्यासाला बसतो तेव्हा घरातला टीव्ही बंद राहील, एवढंच आपल्या कुदळीच्या आवाक्यात.

मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांकडे याहून कडक गोष्ट आहे. त्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी 1755 साली लंडनमध्ये कराराची, म्हणजे देवाशी केलेला करार नव्यानं करण्याची, उपासना सुरू केली, ती आजही बऱ्याच ठिकाणी जानेवारीच्या पहिल्या रविवारी होते. तिच्यातल्या हल्लीच्या प्रार्थनेत माणूस देवाला म्हणतो, मला कामाला लाव, नाहीतर बाजूला ठेव. नर्स म्हणून ड्यूटी करत होते तोवर त्यातलं पहिलंच मला ऐकू यायचं. निवृत्तीनंतर गुडघे गेले, तेव्हा दुसरं. संकल्पांच्या कुठल्या पुरवणीत ‘बाजूला ठेव’ असतं सांगा!

सध्या आमच्याच मजल्यावर एक आजी अंथरुणाला खिळून आहेत. सुनेला एकटीला जमत नाही म्हणून दुपारी मी जाते. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा बघायच्या, कातडी लाल दिसली तर चोळायची नाही, त्या जागेवरचा भार काढायचा, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. आजी बऱ्या होणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलंय. या वर्षाचं माझ्या वहीत तेवढंच आहे, आणि सुनेला दुपारची दोन तास झोप.

अशी घरं आपल्या वाचकांत पुष्कळ असतील. पुढच्या डिसेंबरात त्यांच्यासाठी एखादा रकाना ठेवलात, तर रुग्णाची कूस कशी बदलायची याचा मजकूर मी आनंदानं लिहून देईन. त्यासाठी ख्रिस्ती असायला लागत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, घोरपडी, पुणे