भूकंपमापक असताना दगड कशाला?

मुरुड-जंजिरा, जि. रायगड

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर भूकंपमापक बसवलेले असतात, जमीन किती फुगली हे उपग्रह सांगतात, बाहेर पडणारे वायूही मोजले जातात. मग थिजून गेलेल्या दगडाचे पृथक्करण करून शिलारसाच्या, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाच्या, हालचालीबद्दल नवे काय कळणार, हा तुझा प्रश्न अभियंत्याला शोभेल असाच आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे, की खाली काहीतरी हलले एवढे उपकरणे सांगतात; परंतु जे हलले ते कोणत्या जातीचे होते, कोठून निघाले, वाटेत कशात मिसळले आणि किती काळ मुक्कामाला होते, हे दगडाला विचारावे लागते. थोडक्यात दिलेल्या उत्तराने तुझे आजवर कधी समाधान झालेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

शिलारस म्हणजे नुसता वितळलेला द्रव नव्हे. त्यात स्फटिक असतात, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेले असते. बेसाल्टचा शिलारस निवू लागला की ऑलिव्हिनसारखे मॅग्नेशियमने भरलेले खनिज सहसा आधी वेगळे होते, पुढे प्लॅजिओक्लेज व पायरॉक्सिन ही खनिजे. आणि त्यामुळे उरलेल्या द्रवातले मॅग्नेशियम घटत जाते, पोटॅशियम व सिलिका वाढत जातात. साहजिकच लाव्ह्यात, म्हणजे बाहेर पडलेल्या शिलारसात, मॅग्नेशियम किती शिल्लक आहे यावरून तो किती गरम होता आणि वर येण्यापूर्वी किती निवला होता, याचा अंदाज बांधता येतो.

खरी गंमत स्फटिकाच्या कडेला असते. स्फटिक आतून बाहेर थराथराने वाढतो. एखाद्या जुन्या, निवत चाललेल्या साठ्यात खालून ताजा, गरम शिलारस घुसला, तर तिथल्या ऑलिव्हिनवर नवा थर चढतो आणि त्यात मॅग्नेशियम जास्त असते. जुना गाभा आणि नवी कड यांच्यामधली सीमा सुरुवातीला धारदार असते, पण एवढ्या उष्णतेत लोह व मॅग्नेशियमचे अणू स्वस्थ बसत नाहीत. ते सीमा ओलांडून इकडेतिकडे सरकतात आणि धार बोथट होत जाते. स्थिर पाण्यात कोकमाच्या आगळाचा थेंब सोडल्यावर त्याची कड हळूहळू फिकट होते, आणि मध्येच ते पाणी गोठवले तर थेंब पडून किती वेळ झाला हे त्या फिकटपणावरून सांगता येईल, तसेच हे. उद्रेकात लाव्हा बाहेर पडून थिजला की अणूंची ही ये-जा थांबते. मग स्फटिकाचा पातळ काप घेऊन त्यावर इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत काही मायक्रॉनांच्या अंतराने पुढे सरकवत न्यायचा आणि प्रत्येक ठिकाणचे लोह व मॅग्नेशियम मोजायचे. त्या खनिजात, त्या तापमानाला अणू किती वेगाने सरकतात हे प्रयोगशाळेत मोजलेले असते, त्यामुळे शिलारस घुसल्यापासून उद्रेकापर्यंत किती दिवस, महिने किंवा वर्षे गेली ते काढता येते. तापमानाचा अंदाज थोडा चुकला तरी उत्तर बरेच बदलते, हे मात्र लक्षात ठेव. या पद्धतीने आलेला आकडा घड्याळाच्या काट्यासारखा कोणी मिरवू लागला, तर मी तरी सावध होतो.

या मोजणीचा ताळा कसा पडतो, हे तू विचारणारच. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सच्या १९८० ते १९८६ या काळातल्या उद्रेकांत निघालेल्या पायरॉक्सिनच्या कडांवरून अशा तारखा काढल्या, तेव्हा त्या काळी नोंदलेल्या भूकंपांच्या आणि गंधक डायऑक्साइडच्या वाढीशी त्या बऱ्याच अंशी जुळल्या. कोस्टा रिकाच्या इराझू ज्वालामुखीच्या १९६३ मध्ये सुरू झालेल्या उद्रेकातील ऑलिव्हिनमध्ये तर निकेलच्या अशा खुणा सापडल्या, की पृथ्वीच्या प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, निघालेला शिलारस सुमारे ३५ किलोमीटरची वाट काही महिन्यांत चढून आला असावा. वाटेत कोठेतरी मोठ्या कोठीत तो वर्षानुवर्षे मुरत बसतो, ही समजूत त्यामुळे निदान त्या ठिकाणी तरी डळमळली.

खोली कळते ती वेगळ्या मार्गाने. स्फटिक वाढताना शिलारसाचा एखादा सूक्ष्म थेंब त्याच्या पोटात अडकतो आणि पुढे काच होऊन राहतो. दाब जितका अधिक, तितका कार्बन डायऑक्साइड शिलारसात अधिक विरघळतो. म्हणून त्या काचेतले वायू मोजले की थेंब कोणत्या खोलीवर कोंडला गेला ते समजते. थेंबाच्या आत बहुधा एक इवलासा बुडबुडाही असतो आणि बराचसा कार्बन डायऑक्साइड त्यातच दडलेला असतो. त्याचा हिशेब न धरल्यास खोली उथळ निघते.

आता हे सगळे राख झाल्यावरचे शहाणपण आहे, असा तुझा आक्षेप मला इथे बसून ऐकू येतो. त्यासाठी हवाई बेटावरच्या किलाउएयाचे उदाहरण पाहा. २०१८ च्या मे महिन्यात शिखरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, लेइलानी इस्टेट्स या वस्तीत जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. त्याचे तुकडे लगोलग हिलोच्या विद्यापीठात नेऊन तपासले जात होते. पहिल्या काही दिवसांतला लाव्हा मॅग्नेशियमने दरिद्री, निवालेला आणि घट्ट होता. तो शिखराखालचा ताजा शिलारस नसून जुन्या उद्रेकांच्या वेळी, बहुधा १९५५ च्या सुमारास, त्या भेगपट्ट्यात अडकून पडलेला होता. नवा शिलारस मागून रेटत होता आणि जुना पुढे ढकलला जात होता. सतराव्या क्रमांकाच्या भेगेतून तर अँडेसाइट, म्हणजे बेसाल्टहून अधिक सिलिका असलेला खडक निघाला, जो किलाउएयावर सहसा दिसत नाही. त्याच परिसरात २००५ मध्ये भू-औष्णिक विहीर खणताना सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर त्याहूनही अधिक सिलिकेचा वितळलेला डेसाइट लागला होता. तेव्हा खाली अशी जुनी डबकी आहेत हे माहीत होते. मे महिन्याच्या मध्यानंतर नमुन्यांची रसायने बदलली, मॅग्नेशियम वाढले, म्हणजेच शिखराकडचा गरम, पातळ शिलारस पोहोचला. आणि पुढे आठव्या भेगेतून लाव्ह्याची जी नदी समुद्राकडे धावली तिने हाहाकार केला. एकूण सातशेहून अधिक घरे गेली. त्या लोकांची घरे दगडाच्या पृथक्करणाने वाचली असे मी म्हणणार नाही. परंतु आता येणारा लाव्हा वेगाने आणि दूरवर वाहील, ही सूचना नुसत्या भूकंपमापकाने दिली नसती.

आइसलँडच्या फाग्रादाल्सफ्याल येथे १९ मार्च २०२१ ला सुरू झालेला उद्रेकही असाच बोलका ठरला. काही आठवड्यांच्या आत तिथल्या लाव्ह्याची रसायने अशी पालटली, की प्रावरणाच्या उथळ भागात तयार झालेल्या रसाची जागा अधिक खोलवरून आलेल्या रसाने घेतली, हे दररोजच्या नमुन्यांत दिसत गेले.

एक मर्यादा सांगितलीच पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात ती विसरली जाते. आपल्या हाती येतात ते फक्त बाहेर पडलेल्या शिलारसाचे स्फटिक. खाली घुसला, चार दिवस भूकंप झाले, आणि तिथेच थिजून गेला, अशा शिलारसाची साक्ष आपल्याला मिळतच नाही. त्यामुळे नवा शिलारस घुसला की अमुक महिन्यांनी उद्रेक होतोच, असा नियम या कडांवरून काढणे म्हणजे एकतर्फी पुराव्यावर निकाल देणे होय.

आता आपल्या घराकडे येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर चढून सह्याद्री झाला, हे तुला माहीत आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना दोन्ही हातांना तोच तो काळा दगड दिसतो आणि डोळ्यांना त्यात काडीचा फरक जाणवत नाही. रसायनशास्त्राला मात्र जाणवतो. आपल्या या थरांची नावेच बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी ठेवलेली आहेत आणि ती वाटणी प्रामुख्याने रासायनिक आहे. बुशेच्या दगडात स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचे, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, गुणोत्तर असे आहे, की त्या शिलारसाने वर येताना खंडाच्या जुन्या, ग्रॅनाइटसारख्या खडकाचा बराच अंश पोटात घेतला असला पाहिजे. पोलादपूरच्या थरात ही भेसळ कमी होते आणि आंबेनळीचा दगड जवळजवळ निर्भेळ आहे. म्हणजे घाट चढताना तू काळाबरोबर वर जातोस आणि शिलारसाची वाट कशी बदलत गेली हेही पाहतोस. आधीच्या शिलारसाने त्या वाटांच्या भिंती थिजलेल्या बेसाल्टने जणू गिलावा करून ठेवल्या, किंवा पुढचा शिलारस झपाट्याने वर आला, अशी त्याची कारणे सांगता येतात. मला पहिले अधिक पटते. अशा वाटा उघड्यावर पाहायच्या असतील तर आमच्या किनाऱ्यावर ये. ओहोटीच्या वेळी खडपावर काळ्या दगडाच्या उभ्या पट्ट्या आजूबाजूचा खडक चिरत गेलेल्या दिसतात. त्यांना डाइक म्हणतात, आणि त्या म्हणजे भेगेतच थिजलेला शिलारस. पट्टीची कड बारीक दाण्यांची असते, कारण थंड खडकाला लागून ती झटकन थिजली. मध्यभागी भिंग लावलेस तर प्लॅजिओक्लेजच्या पांढुरक्या कांड्या स्पष्ट दिसतात.

सड्यावरचा जांभा मात्र या कामी निरुपयोगी आहे. तोही बहुतांशी बेसाल्टपासूनच झालेला, पण पावसाने त्यातले कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम आणि पुष्कळशी सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले. चिऱ्याचे घर थंड राहते हे खरे, परंतु शिलारसाबद्दल त्या चिऱ्याला काही विचारू नये. बेसाल्टमधल्या ऑलिव्हिनचेही पुष्कळ ठिकाणी तांबूस इडिंग्साइटमध्ये रूपांतर झालेले असते, आणि तसे झाले की लोह-मॅग्नेशियमची ती कड वाचता येत नाही. प्लॅजिओक्लेज त्या मानाने टिकाऊ. कसारा घाटात बोटाएवढ्या लांब प्लॅजिओक्लेजचे दगड आहेत. एवढे मोठे स्फटिक शिलारस खाली कोठीत बराच काळ मुक्कामाला असल्याखेरीज वाढत नाहीत.

जाता जाता, तुझ्या पुतण्याने विचारलेल्या राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्याबद्दल. त्या गरम पाण्याखाली शिलारस नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तिथल्या नेहमीच्या भूगर्भीय उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. तुरळ, आरवलीलाही तोच प्रकार आहे. त्याला निर्धास्तपणे आंघोळ करू दे.

घाट पाहायला यायचे ठरवलेस तर पाऊस सरल्यावर ये. तेव्हा दरडी थांबलेल्या असतात. नमुना घ्यायचा झाल्यास तांबूस साल चढलेला दगड घेऊ नकोस, आतला काळा, ताजा भाग लागेपर्यंत फोडावे लागते. भिंग माझ्याकडे आहे, हातोडी तुझी आण.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सदानंद