दूध नव्हतं गं आई

लीड्स, रविवार

ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर 'करोना' ऐकलंस आणि तू गप्पच झालीस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. आजारी आहे ती आमची मांजर, साय. मांजरांचा करोना विषाणू वेगळा, माणसाला तो होत नाही. जिथे पुष्कळ मांजरं एकत्र असतात तिथे बहुतेकांच्या आतड्यात तो असतोच. थोडे जुलाब होतात, थांबतात. पण एखादीच्या अंगात तो रूप बदलतो, रक्तातल्या पेशींत शिरतो, रक्तवाहिन्यांना सूज येते आणि पाणी झिरपून पोटात साचतं. याला एफआयपी म्हणतात. दोन वर्षांखालच्या पिल्लांना जास्त होतो. साय नऊ महिन्यांची, शेल्टरमधून आणलेली.

डॉक्टरीणबाईंनी सुईने पोटातलं पाणी काढलं. पिवळं, एकतारी पाकासारखी तार धरणारं. काचेच्या नळीतल्या पाण्यात व्हिनेगरच्या आम्लाचा थेंब टाकून त्यावर हे सोडलं. विरघळायला हवं होतं. नाही विरघळलं. शिजलेल्या साबुदाण्यासारखा तो थेंब तसाच हळूहळू खाली गेला. एवढ्यावर ठरवत नाहीत, रक्तातली प्रथिनंही पाहिली. पण थेंब पाहिला तेव्हाच मला आपली मनी आठवली.

मी दहावीत होते. मनीचं पोट असंच टम्म फुगलं होतं आणि पाठीची हाडं मात्र वर आली होती. जंताचं औषध देऊन झालं. मग आजी म्हणाली, दूध बाधलं. तेव्हापासून तू कुठल्याच मांजरापुढे बशी ठेवली नाहीस, मला माहीत आहे. मनीची तपासणी झाली नव्हती, पण मी सगळं सांगितल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुधा हेच असणार. दुधाने पोटात असं पाणी होत नाही गं. आणि तेव्हा यावर औषधच नव्हतं, कुणाकडेच. मांजर जायचंच. तू रात्रभर तिला मांडीवर घेऊन बसली होतीस, त्याहून जास्त कुणी काही करू शकलं नसतं.

औषध आलं ते पुढे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात नील्स पेडरसन यांनी आयुष्यभर या रोगाचा पिच्छा पुरवला. त्यांनी ३१ मांजरांना जीएस-४४१५२४ नावाचं औषध देऊन पाहिलं आणि २५ जगली, हे २०१९ साली छापून आलं. इथे इंग्लंडमध्ये २०२१ पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रीतसर मिळतं. महाग आहे, पण आम्ही दोघांनी मिळून जमवलंय, त्याची काळजी करू नकोस.

८४ दिवस, एकही चुकवायचा नाही. तू पाठवलेल्या कालनिर्णयवर रोज गोळी दिली की फुली मारते. आज एकतिसावी. ताप चार दिवसांत उतरला. दर रविवारी वजन करतो, कारण वजन वाढलं की गोळीही वाढवावी लागते. २ किलो १०० ग्रॅम होती, आज २ किलो ६५० ग्रॅम भरली. औषध संपल्यावरही तीन महिने डोळ्यांत तेल घालून बघायचं आहे, आजार उलटू शकतो.

काल रात्री मी कणीक मळत होते, तर बाईसाहेब उडी मारून ओट्यावर. महिनाभराने.

बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मुक्ता