पर्वरीच्या फेऱ्या

म्हापसा,
१२ जुलै

प्रिय नंदू,

तुझं पत्र वाचून आधी रागच आला, मग हसू आलं. "मुलांसाठी काम करतेस म्हणतेस, मग आमदारांच्या मागे कसली फिरतेस?" आईचंही हेच विचारून झालंय, तुझ्याहून झणझणीत शब्दांत. त्यामुळे आता सविस्तरच लिहिते.

फ्रेडी पीट्स आठवतो? मडगावकडे अनाथ मुलांसाठी आश्रम चालवायचा, लोकांत परोपकारी म्हणून मिरवायचा. १९९१ मध्ये पकडला गेला, तेव्हा मुलांचे दोन हजारांवर अश्लील फोटो सापडले. जन्मठेप व्हायला १९९६ उजाडलं. पत्रकार शीला बारसे यांनी त्या खटल्याचा पिच्छा सोडला नाही. तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या त्या याच.

एक नराधम आत गेला, विषय संपला, असं म्हणून इथल्या संस्थांनाही घरी बसता आलं असतं. त्या बसल्या नाहीत. त्यांच्या रेट्यातून झालेला २००३ चा गोवा बाल कायदा एकदा काढून वाच. फोटो धुताना मुलांचं अश्लील चित्रण दिसलं, तर स्टुडिओवाल्याने पोलिसांना कळवायचंच. हॉटेलच्या खोलीत मूल जाणार असेल, तर घरच्यांसोबत त्याची नोंद हवी. किनाऱ्यावर काय चालतं हे रोज पाहणाऱ्यालाच असली कलमं सुचतात. आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा देशभराचा कायदा, पोक्सो, आला २०१२ मध्ये, म्हणजे त्यानंतर नऊ वर्षांनी! मुलग्यावर झालेला अत्याचार तर बलात्काराच्या कलमात बसतच नव्हता.

बरं, कायदा झाला म्हणून काम संपतं का? परवा एका न्यायालयात गेले होते, कुठलं ते लिहीत नाही. नऊएक वर्षांची मुलगी साक्षीसाठी आलेली. व्हरांड्यात एकच बाक. एका टोकाला ती आणि तिची आजी, दुसऱ्या टोकाला आरोपीचा काका आणि त्याची माणसं. ती पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती, काढत होती. साक्ष देताना मूल आरोपीच्या समोर येऊ नये, असं पोक्सोचं ३६ वं कलम सांगतं. आत पडदा होताही. पण बाहेरच्या बाकाचं काय? अशा साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं उभारा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. महाराष्ट्रातल्याच खटल्यात. त्याला खोली लागते, माणूस लागतो, म्हणजे पैसा लागतो, आणि पैसा अर्थसंकल्पातून येतो. म्हणून पर्वरीच्या, म्हणजे आमच्या विधानसभेच्या फेऱ्या, बाई!

आमची मागणी ऐकशील तर कंटाळशील. खोलीसाठी स्वतंत्र तरतूद, आणि तक्रारीपासून निकालापर्यंत मुलासोबत राहणाऱ्या सपोर्ट पर्सनला वेळेवर मानधन. एवढंच. आम्ही मसुदा करतो, आमदाराच्या पीएकडे देतो, तो हरवतो, पुन्हा देतो. नशीब असेल तर विधानसभेत तारांकित प्रश्न लागतो आणि मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं. सत्ताधारी, विरोधक, दोघांकडेही जातो. त्यामुळे दोघांनाही आम्ही दुसऱ्याचे वाटतो, हा आमचा बोनस.

फाशीच्या मागणीवर टाळ्या मात्र लगेच मिळतात. २०१९ च्या दुरुस्तीने ती पोक्सोत आलीही. मला ती पटत नाही. बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो, कितीदा तर घरातलाच. मामाला फासावर जावं लागेल असं कळलं, तर कुठली आजी पोलिसांत जाईल? मूलच गप्प बसवलं जाईल. यावर तुझं-माझं भांडण होणार, माहीत आहे. समोरासमोर करू.

आता तुझ्याकडे काम. तुझे दीर वकील आहेत ना? त्यांच्या न्यायालयात मुलांना बसायला वेगळी जागा आहे का, आणि असली तर ती कुलूपबंद असते की उघडी, एवढं विचारून कळव. अधिवेशनाआधी हवंय. आणि चतुर्थीला येताना सांडगी मिरच्या आण, मागच्या संपल्या.

तुझीच,
शालू